घरपट्टीच्या बिलात बसची ओळ

घरपट्टीचं बिल कधी नीट वाचलंय का? शेवटचा आकडा नव्हे हो, तो सगळेच वाचतात आणि मग नगरपरिषदेच्या नावाने दोन मिनिटं तोंडसुख घेतात. मी त्याच्या वरच्या ओळींबद्दल म्हणतेय. मालमत्ता कर, शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, दुकानाचा गाळा असेल तर रोजगार हमी कर. पाणीपट्टी आणखी वेगळी. झाडासाठी ओळ आहे, आगीच्या बंबासाठी आहे. बंब आपल्या दारात कधी न येवो अशी आपण प्रार्थना करतो, तरी त्याचे पैसे दरवर्षी निमूटपणे भरतो. बससाठी मात्र ओळ नाही.

बसचा आणि घरपट्टीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. बसचं तिकीट असतं ना, जो बसेल तो भरेल. आमच्या घरात गणपतीत जेवणानंतर हाच वाद झाला आणि तो अजून माझ्या डोक्यात चालू आहे, म्हणून हा लेख. मुंबईच्या दादाचं म्हणणं असं की एसटी तोट्यात आहे, पांढरा हत्ती आहे, विकून टाका आणि मोकळे व्हा. आपल्या करातून का पोसायची? सिअ‍ॅटलला असलेली माझी चुलत बहीण फोनवर होती, ती म्हणाली, "अरे, आम्ही पण एसटीच पोसतोय." तिची गोष्ट पुढे सांगते, गंमतीची आहे. काकू काही बोलली नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या काकूला एसटी फुकट आहे, त्यामुळे आपण या वादात बोलावं की नाही असं तिला वाटलं असावं. माझ्या मते बोलण्याचा सगळ्यात जास्त हक्क तिचाच होता. असो.

आधी तोट्याबद्दल. एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे, हे जून २०२५ मध्ये सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेतच आलं. आकडा छाती दडपवणारा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण दादासारखी माणसं एक गोष्ट विसरतात, किंवा त्यांना ती कुणी सांगतच नाही. एसटीच्या भाड्यावर सरकार प्रवासी कर घेतं. थोडाथोडका नाही, साडेसतरा टक्के. कायदा १९५८ चा, म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्याही आधीचा. तिकिटावर तो कुणी वाचत नाही, पण मिरकरवाड्याहून मासळीची पाटी घेऊन खेड्यात विकायला जाणारी बाई तो भरते. जाकादेवीहून कॉलेजला येणारी मुलं पासाच्या भाड्यात काय काय भरतात ते त्यांनाही माहीत नाही. सिव्हिलला डायलिसिससाठी येणारा माणूस भरतो. डिझेलवरचा कर वेगळा, तोही शेवटी तिकिटातूनच निघतो.

म्हणजे आपण गाडीत बसणाऱ्याकडून कर घेतो, आणि मग म्हणतो की ही गाडी आमच्या करावर चालते!

मला यात सगळ्यात जास्त काय खटकतं, तर हा कर नेमका कुणावर पडतो ते. ज्याच्याकडे स्कूटर नाही त्याच्यावर. ज्याच्याकडे गाडी आहे तो रजिस्ट्रेशनच्या वेळी एकदाच रोड टॅक्स भरतो आणि पंधरा वर्षं मोकळा. बसमध्ये बसणारा प्रत्येक तिकिटाला भरतो, जन्मभर. आणि मारुती मंदिरच्या सर्कलला संध्याकाळी सहा वाजता उभं राहून बघा, जागा कोण किती खातं ते. एका बसमध्ये चाळीस माणसं, आणि तीच चाळीस माणसं स्कूटरवर आली तर नाक्यापासून पार नाचण्याच्या रस्त्यापर्यंत रांग. बसमध्ये बसलेली बाई माझ्यासाठी रस्ता मोकळा ठेवते. तिने मला पैसे द्यायचे की मी तिला?

दादा म्हणाला, "तुझं गणित भावनिक आहे." बरं, मग हिशेबाचं बोलू.

एसटी करातून चालवायची की नाही, हा प्रश्न खरं तर निकालात निघालेला आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो, आणि काकू ते तिकीट उतरेपर्यंत मुठीत धरून बसते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आता आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामीण गाडीत चढा आणि मोजा, पूर्ण तिकीट काढणारे किती उरले? बाकीच्यांचा फरक सरकार भरतं, म्हणजे आपण सगळे भरतो. याला माझा विरोध नाही. सवलतीमुळे बायका बाहेर पडायला लागल्या, हे मी डोळ्यांनी बघते आहे. पूर्वी माहेरी जायला सणाची वाट बघणारी बाई आता सहज एखाद्या मंगळवारी जाऊन येते.

पण हे पैसे येतात कसे? एसटी आधी गाडी चालवते, मग बिल करते, मग सरकार ते मंजूर करतं, मग जमेल तेव्हा देतं. मधल्या काळात पगार, डिझेल, टायर. एका हाताने प्रवासी कर घ्यायचा, दुसऱ्या हाताने सवलतीची भरपाई द्यायची, आणि दोन्ही हात एकाच माणसाचे. घरात असा व्यवहार कुणी करत नाही. मुलाकडून जेवणाचे पैसे घ्यायचे आणि त्याला खाऊला पैसे द्यायचे, आणि वर "हा किती खर्चिक आहे बघा" म्हणून शेजाऱ्यांना सांगायचं!

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप आठवतोय ना? एप्रिल २०२२ पर्यंत चालला, जवळजवळ सहा महिने. मागणी काय होती? आम्हाला सरकारात विलीन करा. विलीनीकरण झालं नाही, होणंही कठीण होतं. पण ड्रायव्हर-कंडक्टर काय म्हणत होते ते ऐका: आम्ही सरकारचं काम करतो, मग आमचा पगार तिकिटाच्या गल्ल्यावर का अवलंबून? त्या सहा महिन्यांत कितीतरी गावांची मुक्कामाची गाडी बंद होती. मुक्कामाची गाडी म्हणजे काय हे मुंबईकर नातेवाइकांना मुद्दाम सांगते, कारण तुमच्या मुलांना माहीत नसेल. रात्री शेवटची फेरी गावात येऊन थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. अशी गाडी कुठल्याच हिशेबात फायद्याची नसते. पण रात्री कुणाला कळ आली तर पहाटे ती दारात उभी आहे, एवढ्या भरवशावर गावात म्हातारी माणसं एकटी राहू शकतात.

आणि भरवशाचाच विषय निघाला म्हणून. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या आगारात पाणी शिरलं. आगारप्रमुख आणि त्यांचे काही सहकारी तिकिटाचे सुमारे नऊ लाख रुपये घेऊन एका बसच्या टपावर चढले आणि पाणी उतरेपर्यंत तासन्‌तास तिथेच बसले. बातमी सगळीकडे आली होती. मी त्या फोटोचा खूप दिवस विचार करत होते. ते पैसे म्हणजे कुणाचे तरी पाच-पाच, दहा-दहा रुपये होते. ज्या संस्थेला आपण गळकी म्हणतो, तिची माणसं पुरात गल्ला धरून बसली होती.

आता कर. कर म्हटलं की आपल्याला वाटतं पैसा गेला, दिसेनासा झाला. पण महाराष्ट्रात एक कर असा लावला गेला की तो कशासाठी हे लोकांना माहीत होतं. मी बँकेत होते तेव्हा दर महिन्याला पगारातून दोनशे रुपये कापले जायचे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. व्यवसाय कर. फेब्रुवारीत तीनशे का, यावर आमच्या शाखेत दरवर्षी एक तरी नवा मुलगा हटकून विचारायचा. १९७५ मध्ये हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरात नोकरी करणाऱ्याने थोडे पैसे द्यायचे, त्यातून दुष्काळी भागातल्या माणसाला काम मिळायचं. वि. स. पागे यांची ती कल्पना, नंतर सगळ्या देशाने उचलली. शहरातल्या कारकुनाने गावातल्या खडी फोडणाऱ्याचा पगार भरला, आणि त्यावर मोर्चे निघाले नाहीत. कुरकुर झाली असेल, ती कुठल्या कराला होत नाही?

हे सोळा आणे चांगलं झालं असं मात्र नाही. पुढे केंद्राची रोजगार हमी आली, मजुरीचे पैसे दिल्लीहून यायला लागले, तरी व्यवसाय कर चालूच राहिला. आता पगारातून कापला जाणारा तो रुपया कुठे जातो, विचारा एखाद्या नोकरदाराला. १९७१ ला बांगलादेशी निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट पाकिटावर लावावं लागायचं, ते १९७३ मध्ये बंद झालं. तसं बंद होणं क्वचितच. म्हणून मी जे सुचवणार आहे त्यात मुदतही घालणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

फ्रान्समध्ये आमच्या या व्यवसाय करासारखंच काहीतरी १९७१ पासून आहे, फक्त वाहतुकीसाठी. अकरा किंवा जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्या मालकाने पगाराच्या काही टक्के रक्कम शहराच्या बस-मेट्रोसाठी द्यायची. तर्क सरळ आहे. तुझी माणसं वेळेवर कामाला पोचतात त्याचा फायदा तुलाही होतो, तेव्हा तूही दे. रत्नागिरीत एमआयडीसी आहे, मोठी हॉस्पिटलं आहेत, कॉलेजं आहेत. सकाळी साडेआठला साळवी स्टॉपला उभ्या असलेल्या मुली कुणाकडे कामाला जातात?

आता आपल्या गावाकडे येते. रत्नागिरीची शहर बस एसटीच चालवते. पुण्यात पीएमपी आहे, २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून झालेली, आणि तिची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका साठ-चाळीसच्या प्रमाणात भरतात. नाशिकला पूर्वी आपल्यासारखीच एसटी शहर बस चालवायची, २०२१ पासून महापालिकेने स्वतःची सिटीलिंक काढली. तिथे तक्रारी नाहीत असं नाही. पण तक्रार कुठे घेऊन जायची ते पत्त्यासकट माहीत आहे. आपल्याकडे मांडवीची फेरी कमी झाली तर नगरसेवक म्हणतो एसटीला विचारा, एसटी म्हणते शहर सेवा तोट्यात आहे. दोघंही खरंच बोलत असतात. ज्याचे पैसे त्यात नाहीत त्याला ती आपली वाटत नाही, इतकं ते साधं आहे.

बरं, नगरपरिषदेने द्यायचे म्हटले तर नगरपरिषद केवढी? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या ७६,२२९. आणि शहर कुठे संपतं? कागदावर संपतं, रस्त्यावर नाही. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या सगळ्या ग्रामपंचायती. रेल्वे स्टेशन तिकडेच. नवे फ्लॅट तिकडेच, कारण तिथे जागा आहे आणि घरपट्टी कमी. माझी भाची कुवारबावला राहते, नोकरी जयस्तंभाजवळ, मुलगा शिर्के हायस्कूलला, भाजी शहरात, डॉक्टर शहरात. दिवसभर ती शहराचा रस्ता वापरते आणि रात्री ग्रामपंचायतीत झोपते. तिचा दोष नाही, मीही तेच केलं असतं. पण शहराची बस, शहराचा रस्ता, शहराची गटारं फक्त शहरातल्या जुन्या घरांच्या पट्टीवर चालवायची म्हणजे टिळक आळीतल्या म्हाताऱ्यांनी साऱ्या पंचक्रोशीचा खर्च उचलायचा.

जकात होती तेव्हा निदान बाहेरून येणारा माल काहीतरी देऊन यायचा. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या बदल्यात सरकारी अनुदान आलं. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, चिरीमिरी चालायची, ते गेलं ते बरंच झालं. पण तेव्हापासून गावाचा गल्ला मुंबईत आहे. नवीन काही बांधायचं तर नगरोत्थानमधून पैसे येतात, भूमिपूजन होतं, फलक लागतो. जुनं दुरुस्त करायचं तर? गळणारी पाइपलाइन बदलली म्हणून फीत कापायला कोण येणार?

शीळ आणि पानवलहून शहराला पाणी येतं. पाणी निघतं किती आणि नळाला पोचतं किती, याची कुणाला फिकीर नव्हती, कारण पाऊस धो धो पडतो आणि कोकणात पाणी कमी पडेल यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मे महिना आला की ठेवतात. मग सुधारित योजना येते, सगळे रस्ते एकदम खणले जातात, आणि लोक वर्षभर योजनेला शिव्या देतात. दरवर्षी थोडं थोडं बदललं असतं तर एवढं खणावं लागलं नसतं. पण दरवर्षी थोडं थोडं करायला दरवर्षी थोडे थोडे पैसे लागतात, आणि ते कुठल्याही योजनेत बसत नाहीत. ते घरपट्टीतच बसतात. आणि घरपट्टी वाढवू नका, हे एकच आश्वासन आपल्याकडे सगळे पक्ष मिळून देतात.

दुरुस्तीला पैसे नसले की काय होतं ते आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल, १९२८ चा, इंग्रजांच्या वेळचा. शेजारी नवा पूल उभा होता, तरी जुन्यावरून एका बाजूची वाहतूक चालू होती. पुरात पूल गेला आणि त्याबरोबर दोन एसट्या गेल्या, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. दोन्ही आपल्या जिल्ह्यातून सुटलेल्या. तो पूल बघितला होता, तपासला होता, धोका नाही असं म्हटलं होतं. मग नवीन पूल किती दिवसांत झाला? वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे पैसे होते, इंजिनियर होते, सिमेंट होतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या पुलासाठी नव्हतं, पडलेल्या पुलासाठी होतं.

त्या रात्रीनंतर बरेच महिने आमच्याकडे रात्रीच्या गाडीने मुंबईला कुणी निघालं की पूल ओलांडल्याचा फोन यायचा. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप सुरू झालं.

"रेल्वे आली ना, आता एसटी कशाला," असंही दादा म्हणाला. रेल्वे आली, खरंय. १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर नुसती गाडी बघायला गेलो होतो. पण ती कशी आली? बाकीच्या देशात रेल्वे सरकारने बांधली. कोकणात महामंडळ काढून, बाजारातून रोखे विकून पैसे उभे केले, आणि ते फेडायला तिकिटावर अंतर वाढवून धरलं. शंभर किलोमीटर गेलात तर एकशे चाळीसचं भाडं. सह्याद्रीतून बोगदे काढायचे तर खर्च येणारच, पण तो खर्च फक्त कोकणातल्या प्रवाशानेच का भरायचा? हिमालयात बोगदे काढले ते काश्मीरच्या प्रवाशाच्या तिकिटातून काढले का? तेव्हा आम्हाला रेल्वे हवी होती म्हणून कुणी हा हिशेब मांडला नाही. मलाही वाटतं, त्या अटीवरसुद्धा ती हवीच होती. पण "जो बसेल तो भरेल" हे तत्त्व कोकणाला नवीन नाही, आम्ही ते पंचवीस वर्षं पाळलंय. बाकीच्यांनी पाळलेलं दिसत नाही.

आता सिअ‍ॅटलची गोष्ट. तिथल्या मेट्रो-बसच्या संस्थेचं नाव साउंड ट्रान्झिट, आणि लोक तिला चक्क एसटी म्हणतात :) नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या तीन काउंटीत मतदान झालं. कर वाढवून पुढची पंचवीस वर्षं रेल्वे आणि बस वाढवायच्या का? रक्कम डोकं फिरवणारी, चोपन्न अब्ज डॉलर्स. घरावर कर, खरेदीवर कर आणि गाडीवर कर. लोकांनी मतदान करून होय म्हटलं. माझ्या बहिणीला अजून तिथे मतदानाचा हक्क नव्हता, पण तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात महिनाभर दुसरा विषय नव्हता म्हणे.

मग गाडीच्या कराची बिलं आली आणि तीच माणसं खवळली. का? कर जास्त म्हणून नव्हे. गाडीची किंमत धरायचं सूत्र जुनं होतं, बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त किंमत लावत होतं. २०१९ मध्ये राज्यभर मतदान घेऊन तो कर उडवायचा प्रयत्न झाला, पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला. मला त्यातलं पटलं ते हे, की लोक द्यायला तयार होते, चुकीच्या आकारणीला तयार नव्हते. आपल्याकडे चतुर्थ वार्षिक आकारणी होते तेव्हा हेच घडतं. शेजारच्या सारख्याच घराला निम्मी पट्टी, मागच्या बाजूला वाढवलेल्या दोन खोल्या कागदावर नाहीतच, आणि ज्याने प्रामाणिकपणे नकाशा मंजूर करून घेतला त्याला सगळ्यात जास्त. मग कर वाढवा म्हटलं की प्रामाणिक माणूसच आधी ओरडतो. त्याचं बरोबरच आहे.

कुणी म्हणेल, पैसे दिले तर खातील. खातीलही. रत्नागिरीच्या मध्यवर्ती बसस्थानकाचं काम किती वर्षं रखडलं ते सगळ्यांनी पावसात उभं राहून बघितलंय. नवी इमारत २०२५ मध्ये एकदाची सुरू झाली. आणि २०२१ अखेर नगरपरिषदेची मुदत संपल्यावर डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. चार वर्षं आपण घरपट्टी भरली आणि ती कशावर खर्च करायची हे विचारायला आपण निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. तेव्हा अविश्वास मला कळतो. फक्त अविश्वासाचं औषध म्हणून एसटी विकून टाकायची, हे मला कळत नाही. खासगी गाडीवाला मुंबईची रात्रीची स्लीपर चालवेल, आनंदाने चालवेल. मुक्कामाची गाडी चालवेल का?

शिवाय नुसतं तिकीट स्वस्त करूनही भागत नाही. मुंबईत बेस्टने जुलै २०१९ ला किमान भाडं आठवरून पाच रुपये केलं, प्रवासी वाढले, सगळे खूश. पण ते पाच रुपये टिकवायला कुठला पैसा दरवर्षी येणार हे पक्कं नव्हतं. स्वतःच्या गाड्या कमी कमी होत गेल्या आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं एकदम दहा झालं. एसटीचंही तसंच. ऑक्टोबर २०२१ नंतर तीन वर्षं भाडं हललं नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये एका दणक्यात जवळपास पंधरा टक्के वाढ.

तर माझं म्हणणं असं. एसटीच्या तिकिटावरचा प्रवासी कर काढून टाका. सवलतीचे पैसे महामंडळाला आगाऊ द्या, मागाहून नको. आणि शहर बससाठी घरपट्टीत एक ओळ घाला, शहराच्या आणि आसपासच्या चार ग्रामपंचायतींच्याही. समजा घरामागे वर्षाला पाचशे रुपये, बंगल्याला जास्त, चाळीतल्या खोलीला नाही. दहा हजार घरांनी भरले तर पन्नास लाख होतात. पन्नास लाखांत नव्या गाड्यांचा ताफा येणार नाही. पण रात्री आठनंतरच्या फेऱ्या, स्टेशनला शेवटच्या गाडीसाठी थांबणारी बस, एवढं मागायचा हक्क येतो. मुदत पाच वर्षं. पाच वर्षांनी सभेत ठराव करून पुन्हा मंजूर करायचं, नाही केलं तर ओळ आपोआप गळेल. कुठल्या मार्गावर किती फेऱ्या ठरल्या आणि किती झाल्या, ते दर महिन्याला स्टँडवर फळ्यावर लिहायचं. ऑनलाइनसुद्धा टाका, पण फळा हवाच. काकूला वेबसाइट दिसत नाही.

यात एक भोक आहे, ते मला दिसतंय. ग्रामीण फेऱ्यांचं काय? खेड्यातल्या ग्रामपंचायतीकडून बसचे पैसे निघणार नाहीत, निघूही नयेत. तिथे राज्यानेच भरलं पाहिजे. पण गावातल्या बंद घरांचं काय? अर्धी वाडी कुलपात असते. गणपतीला मुंबईहून हजारो जादा गाड्या सुटतात, ग्रुप बुकिंगची गाडी थेट वाडीत येते, पाच दिवस गाव भरतं आणि मग पुन्हा कुलपं. घर राखायला आणि देवाला दिवा लावायला मागे जी म्हातारी माणसं राहतात, ती बाजाराला, दवाखान्याला आणि बँकेत पेन्शनला साध्या लाल गाडीनेच जातात. ती गाडी आहे म्हणून ती राहतात आणि ती राहतात म्हणून तुमची घरं उघडी आहेत. बंद घराच्या पट्टीत थोडी जास्त रक्कम धरली तर ते अन्यायाचं होईल असं मला वाटत नाही. मुंबईकर रागावतील, रागवोत.

दादा, गावच्या घराची पट्टी किती येते हे तुला बहुतेक ठाऊक नसेल. काकू भरते, दरवर्षी, एसटीने ग्रामपंचायतीत जाऊन. या वर्षीची पावती माझ्याकडे आहे. तुझा हिस्सा कळवते, गूगल पे कर.